हाताला पोहोचणारं बटण

वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. बँडच्या दोन्ही बाजूंनी, रस्त्याच्या कडेकडेने, मुकाट्याने. नवरदेवाचे फोटो निघतात त्यांत त्या नसतात, त्यांचा फक्त उजेड असतो. माझी आई आणि माझी काकू त्यांतल्या. माळव्यात, धारला, आमचं सगळं घरच या धंद्यात होतं. पणजोबा दरबारच्या मशाली धरायला इकडे आले असं म्हणतात. पुढे मशालींच्या गॅसबत्त्या झाल्या, गॅसबत्त्यांच्या ट्यूबलाइटी झाल्या, खालची डोकी मात्र आमच्याच घरातली राहिली. काका मागून जनरेटरची गाडी ढकलायचे, माझे वडील बँडवाल्यांशी आणि वरपक्षाशी बोलणी करायचे. आई आणि काकू, दोघी जावा, एकाच तारेला जोडलेल्या असत. एक थांबली की दुसरीच्या मानेला हिसका. त्यामुळे दोघींना एका चालीने चालायची इतकी सवय झाली होती की बाजारात भाजी आणायला गेल्या तरी तशाच चालत, मध्ये तार असल्यासारख्या. लगीनसराई संपली की घरातली डाळ पातळ होत जायची. चातुर्मासात कुणाचं लग्न नाही म्हणजे आमच्याकडे काही नाही. लोकांचा उपास पुण्याचा असतो, आमचा नुसताच होता.

घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. खोलीत एक बल्ब. कुणी उशिरा आलेलं, कुणी आजारी, कुणी अभ्यासाला उठलेलं. दिवा लावला की तो सगळ्यांच्याच डोळ्यांवर. म्हणून काकूने एक शिस्त लावली होती. बटणाला हात घालण्याआधी ‘लावतोय हं’ म्हणायचं. झोपलेला माणूस डोळ्यांवर हात घेई, मग बटण. काकूची दुसरी सवय गल्लीत सगळ्यांना माहीत होती. वरातीला निघण्याआधी तिन्हीसांजेला दिवे एकदा लावून पाहत. ते लागले की काकू डोक्यावरची चुंबळ सावरत त्यांना हात जोडायची, देवापुढच्या निरांजनाला जोडावेत तसे. समोरचा किराणावाला हसायचा. “काकीजी, ट्यूबलाइट में कौन-से भगवान बैठे हैं?” काकू म्हणायची, “आम्हाला जेवायला घालतात ते.”

त्या काकूचा मुलगा मधूदादा. माझा चुलत भाऊ, आणि पुढे कामातला भागीदार. त्याला जाऊन आता सहा-सात महिने होत आले. बातमी आली तेव्हा मी धारलाच होते, एका नव्या दवाखान्याच्या इमारतीत. तिथल्या दिव्यांचं काम आमच्याकडे होतं. छत अजून बंद झालं नव्हतं, तारा लोंबत होत्या. देवासहून वहिनींचा फोन आला. “वन्सं, आटपलं हो सगळं…” एवढंच म्हणाल्या. मी मान वर केली तर छतात त्याने ठरवलेले दिवे होते, अजून न लागलेले.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी सांगते, कारण ते सांगण्यासारखंच आहे. मधूदादाने पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, त्याच्या मागून मी इंदूरला इंजिनियरिंगला गेले. आईने मानेचं दुखणं कधी बोलून दाखवलं नाही, पण माझा निकाल लागला त्या दिवशी तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचललाच नाही. “इथे काही ठेवायचं नाही आता,” म्हणाली. मधूदादा मला चिडवायचा, “इंजिनियरबाई, फ्यूज गेलाय, पुस्तक उघडा.” पण नोकरीची पत्रं आली तेव्हा त्यानेच ती बाजूला सारली आणि म्हणाला, “नंदे, उजेडाचंच काम करायचं. पण डोक्यावर घेऊन नाही.”

देवासला आम्ही दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं. खिडकीतून टेकडी दिसायची. आमचं काम काय, हे लोकांना समजावताना आजही माझी दमछाक होते. “म्हणजे लाइट फिटिंग ना?” असं विचारतात. मधूदादाला या प्रश्नाचा राग यायचा, आणि राग लपवण्याची त्याला सवय नव्हती. “फिटिंग करणारे वेगळे, भिया. आम्ही ठरवतो. किती उजेड, कुठून, कधी, आणि कुणाच्या हातात.” दुकानं, बँकेचे मजले, कारखान्यांची कँटीन, धामनोदच्या बाजूचं एखादं हॉटेल, यांवर पोट चालायचं. जीव मात्र त्याचा नाटकाच्या हॉलमध्ये होता. दिवे तो लावायचा, आणि ते कमीजास्त करणारी सगळी यंत्रणा, कोणता दिवा कोणत्या बटणावर आणि किती वेळात चढेल-उतरेल, ते माझं. भांडणं रोज. मी म्हणायची, “तुझं मन बदलायला एक मिनिट लागतं, मला सगळं पुन्हा बांधायला दिवस लागतो.” तो म्हणायचा, “म्हणूनच तुला शिकवलं.” जसं काही त्यानेच शिकवलं.

गणपतीत मराठी मंडळाचं नाटक असायचं. त्याच्या तालमी मला सर्वांत जास्त आठवतात. मी मागे काचेच्या खोलीत, कंट्रोलवर. तो प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेत, खुर्चीत जवळजवळ आडवा पडलेला. मध्ये काच, आवाज पोहोचायचा नाही. तो हात वर करायचा, पंजा जमिनीकडे वळवायचा आणि अगदी सावकाश खाली आणायचा, जसं झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं. त्याचा हात खाली येईल तसा मी उजेड खाली आणायचा. हात थांबला की मी थांबायचं. किती वर्षं हे चाललं. शेवटी शेवटी मी रंगमंचाकडे बघतच नव्हते, त्याच्या हाताकडेच बघायची. एकदा मंडळाचे सेक्रेटरी खाली येऊन म्हणाले, “मधुकरराव, जरा लाल-हिरवा घाला हो, रौनक येऊ द्या.” हा उठून बसला. “रौनक? हे नाटक आहे साहेब, वरात नाही.” आणि मग स्वतःच मोठ्याने हसला, इतका की मला काचेतून दिसलं. “वरातीचं मला सांगू नका, मी वरातीतलाच आहे.”

आणि कुठलाही दिवा पहिल्यांदा लावताना, शिडीवर माणूस असो वा नसो, तो ‘लावतोय हं’ म्हणायचा. रिकाम्या हॉलमध्येही. घरी फ्रीज उघडतानासुद्धा म्हणतो, अशी वहिनी त्याची चेष्टा करायच्या.

देवासच्या कपड्याच्या त्या मोठ्या दुकानाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तीन मजली शोरूम, मालक मालवी शेठ. मधूदादाने तिथे आपलं सगळं कसब लावलं होतं. बाहेरचा उजेड जसजसा कमी होईल तसतसा आतला आपोआप, हळूहळू वाढायचा. साडी बघता बघता संध्याकाळ होऊन जायची आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही. मी केलेली यंत्रणा पहिल्याच दिवशी अशी बिनचूक चालली की आम्ही दोघांनी जिलबी खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात शेठचा फोन. “भिया, माँसाब नाराज हैं।” आम्ही गेलो. शेठच्या आई गल्ल्याशेजारी गादीवर बसलेल्या. त्यांनी मधूदादाला जवळ बसवलं.

“बेटा, बत्ती जलती कब है?”

“अपने आप जलती है, माँसाब। पता ही नहीं चलता। यही तो कारीगरी है।”

“वही तो,” त्या म्हणाल्या. “पता ही नहीं चलता, तो मैं हाथ कब जोड़ूँ?”

ज्या घरात वरातीच्या ट्यूबलाइटींना हात जोडले जायचे त्या घरातली आम्ही दोन पोरं, आणि हात जोडायचा क्षणच आम्ही इमारतीतून काढून टाकला होता. दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला आणि गादीच्या बाजूला, म्हातारीचा हात सहज पोहोचेल अशा उंचीवर, एक मोठं पांढरं बटण बसवून आला. ते दाबलं की तिन्ही मजल्यांचे दिवे एकदम, ठळकपणे लागायचे. त्या संध्याकाळी माँसाबनी बटण दाबलं, हात जोडले, त्यांच्या मागे सगळ्या नोकरांनी जोडले आणि साडी बघणाऱ्या दोन-चार बायकांनीही जोडले, असं शेठ सांगत होते. तेव्हापासून आमच्या प्रत्येक नकाशात, बाकी सगळं कितीही आपोआप चालणारं असलं तरी, एक बटण माणसाच्या हाताशी असायचंच. मालकांनी कटकट केली की तो म्हणायचा, “भिया, इमारत तुमची, पण उजेड ज्याच्या डोळ्यांवर पडतो त्याचा.”

यंदा त्याला ताप आला. साधा ताप म्हणून पहिले दिवस त्याने धारच्या साइटवरच काढले. मग छातीत उतरला, आणि वहिनींनी देवासला दवाखान्यात भरती केलं. दवाखाना चांगला होता, डॉक्टर चांगले होते, हे मला आधीच लिहायचंय. त्याच्या घशात नळी घातली होती, म्हणून बोलता येत नव्हतं. शुद्ध मात्र होती. भेटीची वेळ संध्याकाळी, एका वेळी एकाच माणसाला आत सोडत. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा त्याने मला ओळखलं. डोळे मिचकावायचा प्रयत्न केला. मग त्याने हात उचलला, जेवढा उचलता आला तेवढा, पंजा खाली वळवला, आणि सावकाश खाली आणला.

मला कळायला क्षणही लागला नाही.

त्याच्या बरोबर डोक्यावर छतात एक चौकोनी पॅनेल होतं. पांढराशुभ्र, टणक उजेड, थेट डोळ्यांत. त्या खोलीला खिडकी नव्हती. सकाळ-संध्याकाळ काही नाही, सतत तेच. मी सिस्टरला विचारलं, हा एक दिवा जरा कमी होईल का. ती केरळची, हिंदी गोड बोलायची. “दीदी, पूरे हॉल का एक ही बटन है। यह बंद तो सब बंद। बाजू वाले अंकल भी सीरियस हैं।” खरंच होतं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे होते, त्यांच्या नाकातोंडाला नळ्या होत्या. त्यांना अंधारात कसं ठेवणार? मी खाली जाऊन दवाखान्याच्या इलेक्ट्रिशियनला गाठलं. त्याला म्हटलं, ते पॅनेल चिमट्यांवर बसतं, मागे एकच जोड आहे, मला शिडी द्या, मी काढते. त्याने माझ्याकडे पाहिलं. “मैडम, आप जानती हैं, मैं भी जानता हूँ। पर आई.सी.यू. में छत को हाथ नहीं लगता। धूल गिरेगी।” तेही खरं होतं. डोळ्यांवर घरून आणलेली पट्टी बांधून पाहिली. नळीच्या चिकटपट्टीत तिचा बंद अडकला आणि सिस्टरने ती काढली. रुमाल ठेवला, डॉक्टरांना त्याच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचं होतं, तोही गेला. कुणीच चुकीचं वागत नव्हतं. भांडायला समोर कुणी असतं तर मला बरं वाटलं असतं.

रोज मी आत गेले की त्याचा हात वर यायचा आणि खाली यायचा. जसा शेवटच्या रांगेतून यायचा. त्याला वाटत असेल का, की नंदी काचेमागे बसलीये, आत्ता खाली घेईल? माझ्या हाताखाली नाटकघरं होती, अख्ख्या इमारती होत्या, आणि माझ्या भावाच्या डोळ्यांवरचा एक दिवा मला कमी करता येत नव्हता. मग मी एवढंच करू लागले की, भेटीच्या वेळात दिव्याच्या आणि त्याच्या चेहऱ्याच्या मध्ये उभी राहायची. जरा वाकून, खाटेच्या कठड्याला धरून, म्हणजे माझी सावली बरोबर त्याच्या डोळ्यांवर पडेल. सावली पडली की त्याच्या कपाळावरच्या आठ्या सैल व्हायच्या. मान अवघडायची. आईची आणि काकूची मान मला तेव्हा आठवायची… त्या उजेड धरून उभ्या राहिल्या, मी सावली धरून. घंटा वाजली की बाहेर जावं लागायचं. मी हलले की तो उजेड पुन्हा त्याच्या तोंडावर पडायचा, आणि मी निघताना मागे वळून पाहत नसे.

बाहेर बाकावर काकू बसलेली असायची. वय झालंय तिचं, मान आता एका बाजूला वळतच नाही. ती औषधांचं विचारायची नाही, डॉक्टर काय म्हणाले तेही नाही. “आज डोळा लागला का गं त्याचा?” एवढंच. मी मान हलवायची. नाही म्हणून. काकू म्हणायची, “लहानपणी बल्ब लावला की तोंडावर माझा पदर ओढून घ्यायचा.” मग दोघी रिक्षा करून घरी यायचो. एकदा तिने बाहेरूनच सिस्टरला हाक मारून विचारलं, “ताई, तुम्ही दिवा लावताना सांगता ना त्याला?” सिस्टरला मराठी कळलं नाही. मी भाषांतर केलं. ती म्हणाली, “अम्मा, यहाँ तो बत्ती कभी बुझती ही नहीं।”

गेला तेव्हाही ते पॅनेल चालूच होतं. वहिनींनी सांगितलं. त्याबद्दल मी यापुढे लिहू शकत नाही.

तेरावं झाल्यावर मी धारच्या साइटवर गेले. तिथल्या अतिदक्षता विभागाचा नकाशा आमचाच होता, डॉक्टरांनी मागितला तसा केलेला. सगळ्या खाटांचे दिवे एकत्र, आणि बटण नर्सच्या टेबलापाशी. माणसाच्या हाताशी बटण, असं मधूदादाने तिथेही पाळलं होतं. फक्त माणूस म्हणजे नर्स, असं धरलं होतं. खाटेवर आडवं पडून छताकडे कुणी बघितलंच नव्हतं. छत अजून उघडं होतं, एवढंच नशीब. मी दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांना त्या विभागातच भेटले. म्हणाले, “मैडम, डिज़ाइन तो पास हो चुका है। पेशंट के हाथ में बटन दूँगा तो नर्स काम कैसे करेगी?” मी सांगितलं, नर्सचं बटण राहीलच, तिने दाबलं की तिचंच चालेल; पण तिचं काम संपलं की खाटेवरचा दिवा पुन्हा खाटेवरच्या माणसाचा. तारा आत्ताच ओढता येतील, छत बंद झाल्यावर नाही. ते घड्याळाकडे बघत होते. मी वाद सोडून दिला. म्हटलं, “सर, दो मिनट लेट जाइए।”

ते हसले, पण नमुन्यासाठी आणून ठेवलेल्या खाटेवर आडवे झाले. बूट काढून. मी नर्सच्या टेबलापाशी गेले आणि काही न सांगता बटण दाबलं. तात्पुरते जोडलेले सगळे दिवे एकदम लागले. साहेबांचा हात ताडकन डोळ्यांवर गेला.

“किसके साथ हुआ?” त्यांनी हाताखालूनच विचारलं.

“बड़े भाई के साथ।”

त्यांनी उठून बूट घातले. “बदल दीजिए,” म्हणाले.

नवं काम पुरं झालं तेव्हा मी काकूला आणि वहिनींना धारला घेऊन गेले. उद्घाटन वगैरे त्याआधीच होऊन गेलं होतं, हार-तुरे सुकले होते. पेशंट मात्र अजून यायचे होते. काकूला खिडकीजवळच्या खाटेशी नेलं. उशीच्या बाजूला, हात न उचलता बोटाला सापडेल असं बटण आहे. एका बाजूने दाबून धरलं की उजेड चढतो, दुसऱ्या बाजूने उतरतो. काकूने बोट त्यावर ठेवलं आणि थांबली. खाट रिकामी होती. तरी ती म्हणाली, “लावतेय हं.” मग दाबलं. उजेड हळूहळू वर आला. तिने हात जोडले. मागे वहिनींनी जोडले, मी जोडले. मग तिने दुसरी बाजू दाबली, आणि दिवा सावकाश खाली आला, अगदी दादाचा हात यायचा तसा. “आता लागेल कुणाचा तरी डोळा,” काकू म्हणाली.

मधूदादाला ते मिळालं नाही. ते कशानेही बदलणार नाही, आणि त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही. धारच्या त्या दवाखान्यात आता पेशंट आहेत. अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेवरचा दिवा वेगळा आहे, तो कमी करता येतो, आणि त्याचं बटण खाटेवरच्या माणसाच्या हाताला पोहोचतं.